‘संपूर्ण अनुवाद’ म्हणून विकलेल्या संक्षिप्त पुस्तकांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व संपादन विभाग

विषय : मुलींच्या अभिजात कादंबऱ्यांच्या चार पुस्तकांच्या मराठी संचातील गाळलेला मजकूर आणि चुकीची माहिती

महोदय,

परक्या घरात, परक्या माणसांत येऊन पडलेल्या मुली हळूहळू तिथल्या कशा होतात, हे सांगणाऱ्या चार अभिजात कादंबऱ्यांचा आपला मराठी संच मी गेल्या महिन्यात मागवला. वेष्टणावर आणि चारही पुस्तकांच्या मलपृष्ठावर ‘संपूर्ण अनुवाद’ असे ठळक छापले आहे, आणि तो शब्द वाचूनच मी इतर संच बाजूला ठेवून हा निवडला. प्रत्यक्षात चारपैकी एकही अनुवाद संपूर्ण नाही. केवळ काही पाने कमी भरली असती, तर मी दोन ओळी लिहून पैसे परत मागितले असते. परंतु नेमके काय गाळले आहे ते पाहिल्यावर सविस्तर लिहिणे मला भाग पडले.

हा संच मी माझ्या भाचीसाठी घेतला. ती ११ वर्षांची आहे. वडिलांच्या बदलीमुळे या वर्षी तिचे घर, शाळा आणि मैत्रिणी एकदमच सुटल्या, आणि नव्या वर्गात तिच्या शेजारी अजून कोणी आपणहून बसत नाही. तिच्या वयाची असताना माझ्यावरही हीच वेळ आली होती आणि त्या दिवसांत या गोष्टींनी मला सोबत केली होती, म्हणून त्या तिच्या हाती द्याव्यात असे मला वाटले. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ तिने एका संध्याकाळीच संपवले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवले, मुखपृष्ठावरच्या मुलीवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली आणि मग तिने विचारले, “मावशी, हिला सगळं लगेच कसं जमलं?” मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “मला तर अजून जमत नाही.” त्या रात्री मी ते पुस्तक घेऊन बसले आणि माझ्याजवळच्या इंग्रजी प्रतीशी प्रकरणागणिक ताडून पाहिले.

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या एल. एम. माँटगोमेरी यांच्या या कादंबरीत ३८ प्रकरणे आहेत. आपल्या पुस्तकात १७ आहेत. मूळ कथेत मॅथ्यू आणि मरिला या वयस्क भावंडांना शेतीच्या कामाला हाताशी एक मुलगा हवा असतो आणि निरोपातल्या गोंधळामुळे स्टेशनवर येते एक मुलगी. तिला ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, हे बरीच प्रकरणे ठरत नाही. पहिल्या सकाळी खिडकीबाहेर चेरीचे झाड फुलांनी लगडलेले असते. ते पाहून अ‍ॅन हरखून जाते आणि तरीही, बाहेर जाऊन खेळ असे सांगितल्यावर, दारापर्यंत जाऊन मागे फिरते, कारण ज्या गोष्टींपासून पुढे आपली ताटातूट होणार आहे त्यांच्यावर जीव लावून काय उपयोग, असे तिला वाटते. पुढे मरिला तिला परत देण्यासाठी गाडीत बसवून घेऊनही जाते. तिथे एक कजाग बाई या मुलीला घरकामासाठी न्यायला तयार होते, तेव्हा मरिलाची नजर मुलीच्या चेहऱ्यावर पडते आणि तिचा पाय निघत नाही. आपल्या पुस्तकात हे सारे एका परिच्छेदात उरकले आहे : ‘मुलगी आलेली पाहून मरिलाला आश्चर्य वाटले, पण थोड्याच वेळात तिने अ‍ॅनला ठेवून घ्यायचे ठरवले.’ माझ्या भाचीचा प्रश्न या ‘थोड्याच वेळात’मधून आला आहे.

पुढेही तीच तऱ्हा आहे. सहल आणि सहलीतले आइस्क्रीम आपण ठेवले आहे. त्या सहलीच्या आधीचे जांभळ्या खड्यांच्या पिनेचे प्रकरण काढून टाकले आहे. पिन सापडत नाही, मरिलाचा संशय अ‍ॅनवर येतो, कबूल केल्याशिवाय खोलीबाहेर सोडणार नाही असे ती बजावते, आणि सहल चुकू नये म्हणून अ‍ॅन न केलेल्या गुन्ह्याची साग्रसंगीत कबुली रचून देते. शेवटी ती पिन मरिलाच्याच काळ्या शालीत अडकलेली निघते. चूक आपली होती हे मरिलाला त्या पोरीसमोर मान्य करावे लागते. घरात आलेल्या मुलीला त्या घराचे वळण शिकावे लागते हे कोणीही लिहील. घरालाही त्या मुलीपायी स्वतःचे वळण बदलावे लागते, हे या लेखिकांनी ओळखले होते, आणि आपल्या संपादनात नेमकी हीच बाजू कापली गेली आहे. बायकांशी बोलायलाही बुजणारा मॅथ्यू अ‍ॅनसाठी फुगीर बाह्यांच्या फ्रॉकचे कापड घ्यायला दुकानात जातो, समोर विक्रेती बाई पाहून गडबडतो आणि दाताळे व ढीगभर तपकिरी साखर घेऊन घरी येतो. आपल्या पुस्तकात फ्रॉक आहे, दुकान नाही. त्या म्हाताऱ्याने काय सोसले ते कळल्याशिवाय त्या फ्रॉकला किंमत कशी येणार?

‘हायडी’मध्ये तर कापाकापीने कथेचा धागाच तुटला आहे. योहाना श्पिरी यांची ही स्विस कादंबरी १८८० आणि १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. डोंगरावर आजोबांजवळ राहणाऱ्या हायडीला क्लारा या आजारी मुलीच्या सोबतीसाठी फ्रँकफुर्ट शहरात नेले जाते. पहिल्या भागातील १४ प्रकरणांपैकी ७ प्रकरणे ती तिथल्या घरात घालवते, म्हणजे लेखिकेने बरोबर निम्मी जागा त्या परक्या घराला दिली आहे. आपण तिथे एक प्रकरण ठेवले आहे. डोंगर दिसावा म्हणून हायडी चर्चच्या मनोऱ्यावर चढते आणि तिला खाली नुसती छपरे आणि धुराडी दिसतात, हा प्रसंग आपल्या पुस्तकात नाही. डोंगरावरचा तिचा मित्र पीटर याच्या आंधळ्या आजीला कडक काळा पाव चावत नाही म्हणून ती जेवणातले मऊ पांढरे पाव कपाटात साठवत राहते, आणि शिस्तीच्या रॉटनमायर बाई ते शिळे तुकडे सापडताच फेकून द्यायला लावतात, हाही नाही. त्या वेळी क्लारा तिला कबूल करते की तू घरी जाशील तेव्हा तितकेच ताजे पाव मी तुला देईन. आता आपल्या पुस्तकात हायडी घरी परतते तेव्हा तिच्या हातात पावांची टोपली आहे, आणि आजी ते पाव चाचपून गहिवरते; मात्र ते पाव कशाचे, कुठून आले आणि आजीला इतके का गहिवरून आले, हे वाचकाला कळण्याची काही सोयच ठेवलेली नाही. मुद्रणापूर्वी एका माणसाने हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचले असते, तरी ही चूक लक्षात आली असती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हायडीचे झोपेत चालणे. रोज सकाळी घराचे दार सताड उघडे सापडते, नोकरांना भुताटकीचा संशय येतो, घरमालक आणि त्यांचे डॉक्टर मित्र रात्रभर जागतात, आणि दाराशी पांढऱ्या झग्यात थंडीने थरथरणारी हायडी उभी दिसते. डॉक्टर तिची विचारपूस करतात. रोज रात्री तिला आजोबांच्या झोपडीचे स्वप्न पडते, बाहेर देवदारांत वारा वाजतो आहे असे वाटते, ती धावत जाऊन दार उघडते, आणि जाग येते ती फ्रँकफुर्टमध्ये. दिवसभर न रडता गिळलेले दुःख अशा रीतीने शरीर बाहेर काढते, हे श्पिरी बाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुलांना कळेल अशा भाषेत लिहून ठेवले आहे. लहानपणी हे पान मी किती वेळा वाचले ते मला सांगता येणार नाही. मला होते त्याला घराची ओढ म्हणतात आणि ती एखाद्याला आजारी पाडण्याइतकी खरी असते, हे मला प्रथम तिथे कळले. आपल्या पुस्तकात त्याऐवजी एवढेच वाक्य आहे : ‘हायडीला करमेना, म्हणून तिला घरी पाठवण्यात आले.’

‘द सीक्रेट गार्डन’ ही फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची १९११ची कादंबरी. हिचे पहिलेच प्रकरण आपण गाळले आहे. भारतातल्या बंगल्यात पटकीची साथ येते, आईवडील मरतात, नोकरचाकर मरतात किंवा पळून जातात, आणि त्या सगळ्या धावपळीत मेरी नावाची एक मुलगी घरात आहे याचाच लोकांना विसर पडतो. ही मुलगी आयेला मारते, हुकूम सोडते, कोणालाच आवडत नाही. त्या काळच्या गोऱ्या कुटुंबांचा इथल्या माणसांकडे पाहण्याचा तुच्छतेचा भाव त्या पानांत आहे, आणि आजच्या मुलांपुढे तो जसाच्या तसा ठेवताना संपादकाला अवघडल्यासारखे होणे मी समजू शकते. त्यासाठी प्रस्तावना असते, तळटीप असते. ते प्रकरण गुपचूप काढून टाकल्यामुळे मेरी पहिल्या पानावरच एक बिचारी अनाथ मुलगी होऊन बसली आहे, आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माळावरच्या वाड्यात आल्यावर तिथली मोलकरीण मार्था तिला, तुला स्वतःचे कपडे घालता येत नाहीत का, असे विचारते तेव्हा त्या प्रश्नाने तिचे सारे पूर्वायुष्य कसे उघडे पडते ते कळायला वावच उरत नाही.

याच पुस्तकात मार्था, तिचा भाऊ डिकन आणि माळीबुवा यॉर्कशरच्या बोलीत बोलतात आणि मेरीही ती बोली हळूहळू उचलते. नव्या जागी रुळण्याची याहून चांगली खूण कोणती असेल? आपल्या अनुवादात सगळेच एकसारखी पुस्तकी भाषा बोलतात. मराठीला बोलींची वाण नाही. कोणतीही एक बोली थेट उचलावी असे माझे म्हणणे नाही, कारण त्याने पात्रे भलत्याच मातीतली वाटू लागतील; पण बोलण्याची लय आणि सलगी वेगळी ठेवणे अनुवादकाला नक्कीच जमले असते. वाड्याच्या मालकाने काय हवे असे विचारल्यावर मेरी खेळणी मागत नाही, रुजवायला थोडीशी जमीन मागते, हा प्रसंग मात्र आपण पूर्ण ठेवला आहे आणि त्याचा अनुवादही सुरेख उतरला आहे. म्हणूनच वाटते की अनुवादकाचा हात चांगला होता आणि कात्री दुसऱ्याने चालवली.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. ‘हायडी’च्या मलपृष्ठावर ‘मूळ इंग्रजी कादंबरी’ असे छापले आहे. ती जर्मनमध्ये लिहिलेली आहे. ‘अ लिटल प्रिन्सेस’ या संचातल्या चौथ्या पुस्तकाचे प्रकाशनवर्ष १८८८ दिले आहे, त्या साली ‘सारा क्रू’ ही छोटी कथा पुस्तकरूपाने आली होती, आणि तीच वाढवून लिहिलेली ही कादंबरी १९०५ची आहे. मुखपृष्ठावरच्या अ‍ॅनचे केस सोनेरी आहेत. लाल केसांवरून ‘गाजर’ म्हणून चिडवले म्हणून जी मुलगी वर्गात पाटी फोडते आणि ते केस काळे करण्याच्या नादात हिरवे करून घेते, तिच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. आणि चारही पुस्तकांवर कुठेच, अगदी आतल्या पानावरही, अनुवादकाचे नाव नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी दूरध्वनी केला तेव्हा ‘आजच्या मुलांना लांबण आवडत नाही, म्हणून आटोपशीर केले आहे’ असे उत्तर मिळाले. संक्षेप करणे हे मी कमी दर्जाचे काम मानत नाही. चांगल्या संक्षेपाला मूळ पुस्तकाची चांगली जाण लागते, आणि असे पुस्तक ‘संक्षिप्त’ असे छापून, संक्षेप करणाऱ्याच्या नावानिशी विकावे. मात्र ज्याला आपण लांबण म्हणता ते या कादंबऱ्यांत वाट पाहण्याचे, चुकण्याचे, रात्री जागण्याचे दिवस आहेत. ते काढले की मागे फक्त येणे आणि आनंदाने राहणे उरते, आणि जी मुलगी स्वतः त्या मधल्या दिवसांत अडकली आहे तिला त्या पुस्तकात पाय ठेवायला जागा राहत नाही.

तरी माझी विनंती अशी की, शिल्लक प्रतींच्या वेष्टणावरील आणि मलपृष्ठांवरील ‘संपूर्ण’ हा शब्द तातडीने झाकून तिथे ‘संक्षिप्त’ असे लिहावे, आपल्या विक्रीच्या जाहिरातींतही तो बदल करावा, आणि ज्यांनी आधीच संच घेतला आहे त्यांना हे कळवून परत करण्याची मुभा द्यावी. अनुवादकांची नावे पुढच्या मुद्रणात यायलाच हवीत. मूळ अनुवाद पूर्ण स्वरूपात आपल्याकडे असेल, आणि ‘द सीक्रेट गार्डन’मधल्या त्या एका प्रसंगावरून तो असावा असे मला वाटते, तर तो छापावा, त्या आवृत्तीची मागणी मी आजच नोंदवायला तयार आहे. माझ्या संचाचे पूर्ण पैसे परत मिळावेत आणि या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर यावे.

सध्या मी भाचीला रोज रात्री ‘हायडी’तली फ्रँकफुर्टची प्रकरणे इंग्रजी प्रतीवरून मराठीत सांगत आहे. काल मनोऱ्यापर्यंत आलो.

कळावे,
आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, वेष्टण व मलपृष्ठांची छायाचित्रे, आणि चारही पुस्तकांतील गाळलेल्या प्रकरणांची हस्तलिखित यादी.