तुमच्या खोलीबद्दल

ती. आई आणि बाबा,
सलाम.

गेल्या आठवड्यात तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा पाऊस, गुडघा आणि गॅस सिलेंडर यावरच बोलून ठेवून दिला, म्हणून शेवटी लिहितोय. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवणार हे माहितीय, पण आधी एकदा मनातल्या मनात वाचा.

तुमची खोली आम्ही दिलीय. म्हणजे भाड्यानं वगैरे नाही. नऊ वर्षांची एक मुलगी आलीय घरी, फॉस्टर केअरमध्ये. तिचं नाव पत्रात लिहीत नाही, अशा मुलांची ओळख कुठं उघड करायची नसते, तसा कायदाच आहे. आम्ही चिऊ म्हणतो. हे दत्तक नव्हे. बाल कल्याण समितीच्या आदेशानं ती आपल्याकडे राहते, घरची परिस्थिती सावरली तर परतही जाईल. सहा वर्षांच्या पुढचीच मुलं अशी घरात देतात. आणि बाबा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, महिन्याला सरकारचे ४००० रुपये असतात त्यासाठी, त्यातून तिचा खर्चच निघतो फक्त, आपण काही कमवत नाहीये.

फॉर्म भरला तेव्हा सांगायला हवं होतं, चुकलंच. पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, पगाराचे कागद यात आठ महिने गेले आणि वाटत राहिलं की होईल की नाही कोण जाणे, उगाच आधी कशाला सांगा. मग घर बघायला आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, मुलगी झोपणार कुठे? आपलं टू बीएचके. छोटू आमच्याच खोलीत. मी तुमच्या खोलीकडे बोट दाखवलं. ते बोट अजून मला टोचतंय, कारण बाबा रिटायर झाले तेव्हा ती खोली दाखवून मीच म्हणालो होतो, ही तुमची.

पण तुमची सगळी सोय केलीय, ऐका. हॉलमध्ये खिडकीशी नवा दिवाण, उंची आईच्या गुडघ्याच्या हिशोबानं, बसलं की पाय जमिनीला टेकतात. मधे जाड पडदा सरकवला की अर्धा हॉल तुमचा. बाथरूम तिथून सहा पावलांवर, म्हणजे बाबांना रात्री चार वेळा उठावं लागलं तरी अंधारात चाचपडायला नको, कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा बसवलाय, लादीवर रबरी मॅट टाकलीय. आई, तुझं गोदरेजचं कपाट त्याच खोलीत आहे, जसंच्या तसं, कुलूपबंद. आणि हॉलच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, खोलीतून समोरच्या टॉवरचे एसीच दिसायचे, तूच म्हणाली होतीस.

आई, तुला एक विचारू? मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डातून तू त्या भाजलेल्या पोरीला घरी आणलं होतंस, आठवतंय? माझी बाज तिला दिलीस आणि मला खाली सतरंजीवर. मी किती तमाशा केला होता. दोन दिवस जेवलो नाही, मग बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून किल्ल्यापर्यंत नेलं, येताना भेळ, आणि एक शब्द समजावला नाही. परवा छोटूनं चिऊवरून अस्साच तमाशा केला. मीही काही बोललो नाही, स्कूटरवर घालून उपवन तलावावर नेलं, कणीस दिलं. नऊ दिवस चिऊ दप्तर पाठीला लावून झोपत होती. दहाव्या रात्री काढलं, पण उशाखालीच. तू असतीस तर पहिल्या दिवशीच तुला कळलं असतं की काय करायचं, मला गुगल करावं लागतं.

आता तुमच्या सुनेचं. तिचं बायबल कॉलेज जूनपासून सुरू झालंय. बाबा, यवतमाळची जी सेमिनरी १९८३ ला पुण्याला आली ती नाही, हे छोटं आहे, बरंचसं घरूनच, पण महिन्यातून पाच दिवस पुण्याला राहावं लागतं. लगेच पाळकीणबाई होणार असं नाही, आधी शिकू तर दे तिला. ते पाच दिवस घर मी बघतो, ऑफिसनं वर्क फ्रॉम होम दिलंय. भाकरी येत नाही, पोळ्या बाहेरून. आणि खरं सांगू का, तुम्ही आलात तर मला आधार होईलच, पण त्यासाठी बोलावत नाहीये, पोरं सांभाळायला म्हणून तर मुळीच नाही.

बाबा, छोटूच्या होमस्कूलिंगवरून तुम्ही दिवाळीपासून माझ्याशी धड बोलला नाहीत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाचा नातू घरी बसून शिकतो, हे लागणारच, मला कळतं. पण वर्गात साठ पोरं आणि हा तोतरा, हजेरीला "हजर" म्हणतानाच अडकायचा आणि वर्ग हसायचा. आता घरी तो सलग वाचतो. दहावी अडत नाही, चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळेतून बसता येतं, नाहीतर बाहेरून बसायचा आपला १७ नंबरचा फॉर्म आहेच, तुम्ही स्वतः किती पोरांचे भरून दिलेत. गंमत म्हणजे चिऊ शाळेत जाते, तिची शाळा चालू राहायलाच हवी, आणि आता छोटू म्हणतो मलापण डबा पाहिजे, दप्तर पाहिजे. जूनमध्ये बघू, मी हट्ट धरून बसलेलो नाही. तोवर रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर तुम्ही छोटू-चिऊचे पाढे घ्या. पावकी-निमकी मला येत नाही, तुमच्यामुळेच आता लपवता येत नाही!

काही गोष्टी मात्र ऐकायच्याच. चिऊचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर तर नाहीच. तिच्या आईबद्दल विचारायचं नाही. गळ्यात क्रूस घालायचा नाही, आई, प्रेमानंसुद्धा नाही. ती हिंदू घरातली आहे आणि तशीच राहणार, हा शब्द आम्ही दिलाय. जेवायच्या आधी आपण प्रार्थना करतो तेव्हा ती गप्प बसते, गणपतीत खालच्या मजल्यावर आरतीला जाते, मी दारात उभा असतो. मंडळीतल्या एकदोघांना हे रुचलं नाही, म्हणाले मग आणली कशाला. बाबा, तुम्ही दर नाताळात पणजीचं सांगता ना, दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आश्रमात कशी आली, मी त्यांना तेवढंच सांगितलं. पुढचं वाद घालणं मला जमत नाही.

तुमच्या तब्येतीचं. आई, शुगरची गोळी अर्धी करून खातेस ते मला कळलंय, कुणी सांगितलं ते विचारू नकोस. बाबा, मोतीबिंदू दिवाळीनंतर नाही, आत्ता. दोघं सत्तरीच्या पुढं आहात, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आहे. आधार घेऊन जा, ओटीपीसाठी मोबाईल चार्ज करून न्या, तुमचा नेहमी दोन टक्क्यांवर असतो.

नाताळला या. नगरच्या तारकपूर स्टँडहून माळशेजमार्गे येणारी एसटी नको, घाटात आईला मळमळतं, मी कार पाठवतो. शेवग्याच्या शेंगा आणा, गोणीभर नकोत. रागावला असाल तर फोनवर रागवा, पण रागवून गप्प बसू नका, तेवढं मला झेपत नाही.

आणि आई, कपाटाची किल्ली तुझ्याच पर्समध्ये आहे ना? खालचा खण रिकामा आहे बहुतेक. चिऊचे कपडे अजून पिशवीतच आहेत, ती कुठं ठेवू देत नाही. कुरिअर नको करूस, येताना घेऊन ये, आणि तो खण तिला तूच उघडून दे.

तुमचा,
बाळ्या