एकतारी, पितळी चकती आणि लूप

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, "एकटा माणूस एवढं सगळं एकदम वाजवतो कसा?" असं तू विचारलंस. एकदम नाही वाजवत, थरावर थर चढवतो. पायाशी लूप पेडल असतं. एकदा दाबलं की ते ध्वनी टिपायला लागतं, पुन्हा दाबलं की टिपलेलं फिरून फिरून वाजवतं. मिनिटाला ८० मात्रांची लय असेल तर १६ मात्रांचं आवर्तन १२ सेकंदांचं होतं. पाय अगदी समेवर पडायला हवा. सेकंदाचा दहावा हिस्सा जरी उशीर झाला, तरी प्रत्येक फेरीत त्याच जागी ठेच लागते. म्हणूनच मला हे वादन अवघड वाटतं. साध्या मैफलीत चुकलेली जागा निघून जाते, इथे ती बारा सेकंदांनी परत येते.

दुसरी अडचण सुराची. पेडलमध्ये गेलेला सूर तिथेच गोठतो, पण हातातली तार दिव्यांच्या उष्णतेने उतरत राहते. लूपमध्ये २२० हर्ट्झ (सेकंदाला २२० कंपनं) आणि तार २१८ वर, एवढ्यानेही सेकंदाला दोनदा हेलकावा ऐकू येतो. त्यामुळे सुटी तार लूपला टिपायची ती जुळवल्याबरोबर, आणि पहिला थर विरळ ठेवायचा. सुरुवातीलाच सगळं ओतलं तर पाचव्या थराला जागा उरत नाही.

तू हात न लावता वाजणारं वाद्य पाहिलंस ते थेरेमिन, रशियात १९२० च्या सुमारास लेव्ह थेरेमिन यांनी घडवलेलं. उभ्या अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरा हात आडव्या कडीवरून आवाज लहानमोठा करतो. शेजारून कुणी गेलं तरी सूर हलतो, म्हणून ते बाकीच्या पसाऱ्यापासून लांब मांडतात.

बाबा, आता तुमची एकतारी स्पीकरवर कशी ऐकवायची ते. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती घ्या, ती वाद्याची थरथर टिपून तिचा विजेचा संकेत करते. मधल्या पांढऱ्या भागावर तार जोडताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर चांदीचा मुलामा उचलला जातो. वायर अशी घ्या की आतल्या तारेभोवती धातूची जाळी असेल. पांढऱ्या भागावर आतली तार जोडा, पितळेवर जाळी. वायर जाळीचीच हवी, साध्या वायरीने घूं घूं येते.

खरी गोम पुढे आहे. ही चकती साधारण २० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखी, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या भागासारखी वागते. आवाजाच्या मिक्सरच्या १० किलोओमच्या लाइन इनपुटला थेट लावली तर ८०० हर्ट्झच्या खालचं झडत जातं आणि एकतारी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. वाद्याला दोष देऊ नका. मध्ये १ मेगाओम इनपुटचा प्रीअँप (मिक्सरच्या आधी संकेत सावरणारी छोटी पेटी) घाला, खर्ज परत येतो.

चकती कातड्याच्या मध्यावर लावू नका. तिच्या वजनाने कातडं दबतं आणि स्पीकर लगेच हुंकारायला लागतो. भोपळ्याच्या काठाशी, दांडी जिथे आत शिरते तिथे दुहेरी टेपने लावून बघा. गोंद नंतर, जागा मनासारखी मिळाल्यावर. तरीही हुंकार आला तर ८० हर्ट्झच्या खालचं कापा आणि स्पीकर वाद्याच्या पुढे ठेवा, तोंड श्रोत्यांकडे.

झाल्यावर तार लगेच छेडू नका. आधी भोपळ्यावर हलकी टिचकी मारा. "टक्" असा कोरडा, स्वच्छ आवाज आला तर जोड बसला. खरखर आली तर आधी जाळीचा जोड तपासा, बहुधा तोच सुटलेला असतो.

तुमची,
लेक