दादा, साताऱ्यात बसून सांगलीतला कॉम्प्युटर चालू झाला

दादा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हीच म्हणालात "ताई, माझं नाव कुठं टाकू नका". पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही, पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणि तुम्ही जे करून दिलं ते माझ्यासारख्या अजून कुणाला तरी लागणारच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं छोटं ऑफिस आहे, हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते, एकटीच आहे आणि सगळा टॅलीचा डेटा ऑफिसातल्या एका डेस्कटॉपवर. माहेर साताऱ्यात. पावसाळ्यात आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि नंतर तिच्याजवळ थांबायला मी सोडून कुणी नाही. सातारा-सांगली एका बाजूला तीन तास, रोज करणार कसं. लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, एनीडेस्क, होतं, पण ते चालायला तिकडचा कॉम्प्युटर चालू पाहिजे ना! म्हणून मी तो चोवीस तास चालू ठेवून गेले. चौथ्या दिवशी पावसात लाईट गेली, यूपीएस पंधरा-वीस मिनिटं टिकला आणि मशीन बंद. मग शेजारच्या दुकानातल्या काकांना किल्ली दिलेली, ते जिना चढून जायचे आणि बटण दाबायचे. काका सत्तरीचे, गुडघे दुखतात, तरी एका शब्दाने बोलले नाहीत, त्यांचेही उपकार आहेतच. पण एकदा ते दोन दिवस गावाला गेले आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, ११ तारीख तोंडावर, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले हे खरं सांगते. त्या वेळी पहाटेच्या एसटीने सांगलीला आले, काम केलं आणि रात्री परत.

तुमचा नंबर काकांनीच दिला, त्यांच्या दुकानाचे कॅमेरे तुम्ही बसवलेत म्हणून. मी रविवारी एका दिवसासाठी आले आणि तुम्ही सुट्टीचा दिवस असून आलात. मला वाटलं काहीतरी सॉफ्टवेअर टाकाल. तुम्ही कॉम्प्युटर बंद केला आणि टेबलाच्या मागं वाकून बघत बसलात. "ताई, बंद केल्यावर नेटच्या वायरपाशी लाईट लागते का बघायचंय." नव्हती लागत. तुम्ही म्हणालात मग आधी हीच लावायची, बाकीचं नंतर.

तेव्हा तुम्ही जे समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. कॉम्प्युटर बंद केला तरी वायर बोर्डात असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्ट देतच असतो आणि तेवढ्यावर नेटवर्क कार्ड जागं राहू शकतं. ते बाकी काही करत नाही, फक्त वायरवरून येणारं ऐकत बसतं, आणि त्याच्या ओळखीचा एक ठरावीक निरोप आला की मशीनला उठवतं. त्या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात. मी नंतर वाचलं की ही कल्पना १९९५ सालची, एएमडी कंपनीने मांडलेली. आत काय असतं तर सुरुवातीला एफएफ असे ६ बाइट, मग त्याच कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, एकामागोमाग १६ वेळा, एकूण १०२ बाइट, बस. सोळा वेळा हाक मारायची आणि ज्याचं नाव आहे त्यानेच उठायचं, बाकीच्या मशीन ढिम्म. मॅक ॲड्रेस तुम्ही कमांडमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाकून काढलात आणि माझ्या डायरीत माझ्याच हाताने लिहून घ्यायला लावलात.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ईआरपी नावाचं सेटिंग होतं, वीज वाचवायचं, ते चालू असलं की बंद मशीनचा तो राखीव पुरवठापण तोडतं. ते बंद केलं, वेक ऑन लॅन, म्हणजे नेटच्या वायरवरून उठवायची सोय, चालू केलं आणि वायरपाशी हिरवी लाईट लागली. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरात नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये टिकच्या खुणा केल्या, फक्त मॅजिक पॅकेटनेच उठायचं असं सांगितलं. तरीही शटडाऊन केल्यावर उठेना. तासभर गेला असेल. शेवटी तुम्हाला आठवलं, फास्ट स्टार्टअप! विंडोज त्याच्यामुळे पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपल्यासारखं होतं आणि त्या अवस्थेतून पॅकेटने उठवायची सोय विंडोज देत नाही. ती टिक काढली, परत शटडाऊन, तुम्ही मोबाईलवरून पॅकेट पाठवलं आणि कुणी हात न लावता पंखा फिरायला लागला. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात "थांबा ताई, हे एका खोलीतलं झालं, साताऱ्याचं अवघड आहे."

खरंच अवघड होतं. हे पॅकेट ब्रॉडकास्ट करून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम, त्याच नेटवर्कमध्ये सोडायचं असतं, बाहेरून इंटरनेटवरून सरळ येत नाही. राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून काही जण करतात, पण आमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच नाही, एका आयपीमागे कित्येक गिऱ्हाईकं, त्यामुळे बाहेरून आत यायला दारच नाही. आणि असतं तरी तुम्ही उघडलं नसतं, तुम्ही स्पष्ट म्हणालात की रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही म्हणजे नाही, व्यापाऱ्यांचे हिशोब आहेत यात. मला ते फार आवडलं, कारण माझं काम होणं आणि माझ्या पक्षकारांचा डेटा सांभाळणं दोन्हीची काळजी तुम्ही केली, मी न सांगता.

मग तुम्ही गाडीवरून घरी जाऊन आलात आणि स्वतःचा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घेऊन आलात. हाताच्या पंजाएवढी पट्टी, अगदी थोडी वीज खाते, इन्व्हर्टरवर आरामात चालते. ती राऊटरला वायरने जोडली, तिच्यावर आणि माझ्या मोबाईलवर टेलस्केल टाकलं, म्हणजे दोघांना इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर. आता मी साताऱ्यातून त्या छोट्या पट्टीशी बोलते, ती आतल्या आत पॅकेट सोडते. ती स्वतः बाहेर जोडणी करते म्हणून पब्लिक आयपी नसला तरी अडत नाही. आणि लाईट गेल्यावरचा विचारही तुम्हीच केलात, वीज पूर्ण जाऊन आली की काही बोर्डांचं कार्ड एकदा मशीन चालू होईपर्यंत ऐकतच नाही, म्हणून बायोसमध्ये लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग केलंत. म्हणजे लाईट जाऊन आली की तो स्वतः चालू होतो, काम नसलं तर मी लांबूनच शटडाऊन करते.

पहिल्यांदा साताऱ्यातून केलं तो दिवस सांगायचाच आहे. पहाटे साडेपाच, आई झोपलेली, बाहेर अजिंक्यतारा ढगात पूर्ण गडप. मी मोबाईलवर कमांड दिली. काही नाही. तुम्ही सांगितलेलं की पॅकेटला पोच येत नाही, उठला का नाही ते पिंग करूनच, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का बघूनच, कळतं. पिंग करत बसले, उत्तर नाही, उत्तर नाही, मिनिटभराने उत्तर यायला लागलं आणि एनीडेस्कमध्ये ऑफिसचा कॉम्प्युटर हिरवा दिसला. आई जागी झाली, "काय गं, काय झालं?" म्हटलं आई, सांगलीचं ऑफिस उघडलं. तिला काही कळलं नाही पण माझं तोंड बघून ती हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. त्या महिन्यात २० तारखेच्या आत सगळ्यांचे थ्रीबी, म्हणजे जीएसटीआर-३बी रिटर्न, भरले गेले, एकाचीही लेट फी नाही आणि मी आईचा एकही व्यायाम चुकवला नाही. ती आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते.

हे सगळं तुमच्या दोन संध्याकाळी आणि एका रविवारामुळं. पैसे विचारले तर "आईला बरं वाटू दे" म्हणालात आणि गाडीला किक मारलीत.

आता एकच. रास्पबेरी पाय परत न्यायला येतो म्हणालात, तो मी देणार नाही, त्याची जागा आता तिथंच आहे. नवीन मागवलाय तुमच्यासाठी, केस आणि मेमरी कार्डासकट, आणि त्याच्यासोबत आईने कंदी पेढे दिलेत. सोमवारी दुकानात घेऊन येते, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
मार्केट यार्डाजवळची ताई