सरकलेला आवाज नुसती पट्टी ओढून जागेवर येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरून घरच्या घरी डिस्क (डीव्हीडी) कशा कराव्यात, हा कालच्या पुरवणीतील लेख मी काळजीपूर्वक वाचला. व्हीसीआर कसा जोडावा, त्याचे फीत वाचणारे हेड कसे स्वच्छ करावे, वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे का फिरवून घ्यावी, हा सगळा भाग नेटका आहे आणि त्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ बिघडला तर काय करावे, या सर्वांत अवघड प्रश्नाची बोळवण मात्र त्यांनी अवघ्या दोन वाक्यांत केली आहे. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी थोडी पुढे किंवा मागे ओढावी, म्हणजे काम झाले, असे ते सांगतात. हे फार तर एक तृतीयांश सत्य आहे; आणि त्याच लेखाच्या शेवटी, डिस्क तयार झाली की मूळ कॅसेट सांभाळण्याचे कारण उरत नाही, असा सल्ला दिलेला असल्यामुळे ते घातकही आहे.

माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या दिवशी केलेले भाषण एका कॅसेटवर आहे. ते बोलत असताना टिपलेले दुसरे कोणतेही चित्रण आमच्याकडे नाही. ती कॅसेट मी हेच काम करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे सोपवली. हाती आलेल्या डिस्कची पहिली काही मिनिटे बिनचूक होती, पण पुढे आवाज हळूहळू मागे पडत गेला, आणि शेवटी सहकाऱ्यांचे आभार मानताना वडिलांचे ओठ मिटलेले दिसत आणि वाक्य चालूच राही. तक्रार केल्यावर त्या गृहस्थांनी नेमके तेच केले, जे आपल्या लेखात सुचवले आहे. त्यांनी संपूर्ण आवाज शेवटच्या फरकाइतका पुढे ओढला. त्यामुळे शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. वडिलांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पुन्हा विचारणा केली तेव्हा, कॅसेटच खराब आहे, असे सांगून मला वाटेला लावण्यात आले.

कॅसेट खराब नव्हती. तीच कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून थेट टीव्हीवर पाहिली तर शेवटच्या शब्दापर्यंत ओठ आणि आवाज जुळलेले होते. एवढी एक परीक्षा वाचकांना सांगितली असती तरी लेखाचे सार्थक झाले असते. चित्र आणि आवाज एकाच फितीवर नोंदलेले असतात आणि ती फीत कमीअधिक वेगाने सरकली तरी दोघेही बरोबरच सरकतात. त्यांची ताटातूट होते ती फितीवरून संगणकात शिरताना किंवा त्यानंतरच्या प्रक्रियेत, आणि ती नेमकी कशी झाली हे कळल्याशिवाय कोणताही उपाय करणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे आहे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. तयार झालेल्या फाइलमध्ये सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी आवाजाचे अंतर मोजावे. त्यासाठी टाळी, दार आपटणे, टेबलावर ठेवलेली वस्तू असा एखादा क्षण शोधावा. तसे काहीच नसेल तर बोलणाऱ्याच्या तोंडचा प, ब किंवा म शोधावा, कारण हे वर्ण उच्चारताना ओठ मिटावेच लागतात आणि ते मिटलेली फ्रेम, म्हणजे चित्रणातले ते एकेक स्थिरचित्र, अचूक सापडते. तिन्ही ठिकाणी अंतर सारखेच असेल तर लेखात सांगितल्याप्रमाणे पट्टी सरकवून काम भागते. तयार एमपेग फाइलमधून (डीव्हीडीवर चित्रण याच दाबलेल्या स्वरूपात असते) चित्र आणि आवाज वेगळे काढून पुन्हा जोडताना त्यांच्यावरील वेळेच्या खुणा हरवल्या, तर असा सारखा फरक पडतो.

अंतर सुरुवातीला नगण्य आणि पुढे समप्रमाणात वाढत गेलेले असेल, तर मात्र पट्टी कितीही ओढली तरी ती एका वेळी एकाच जागी जुळते. याचे मूळ बहुधा जोडणीत असते. अनेक जण व्हीसीआरची चित्राची पिवळी पिन कॅप्चर कार्डाला, म्हणजे चित्र संगणकात उतरवून घेणाऱ्या कार्डाला, लावतात आणि आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना संगणकाच्या साउंड कार्डाला लावतात. मग चित्र एका घड्याळावर मोजले जाते आणि आवाज दुसऱ्या. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि डिस्कसाठी सेकंदाला ४८,००० ध्वनिनमुने, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापे, हा हिशेब दोन्ही घड्याळे तंतोतंत सारखी चालली तरच जुळतो, आणि स्वतंत्र स्फटिकांवर चालणारी दोन घड्याळे तशी कधीच चालत नाहीत. दहा हजारांत एक एवढाच फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंद, म्हणजे ९ फ्रेमचे अंतर पडते. यावर इलाज म्हणजे आवाज सरकवणे नव्हे, तर त्याची एकूण लांबी चित्राच्या लांबीइतकी करणे. तासाभराच्या चित्राचा आवाज ३,६००.३६ सेकंद भरत असेल तर तो ३,६०० सेकंदांत बसवावा; त्यामुळे स्वराच्या उंचीत होणारा एवढा बदल कोणत्याही कानाला कळत नाही. त्याहून उत्तम म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच उपकरणातून, एकाच घड्याळावर घ्यावेत, म्हणजे हा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही.

माझ्या डिस्कचा दोष हाच होता. पहिल्या डिस्कवर शेवटी अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर होते आणि मध्यावर त्याच्या निम्मे. आवाज वेगळा काढून मी तो त्या प्रमाणात आखडून घेतला आणि पुन्हा चित्राला जोडला, तेव्हा भाषण आदीपासून अंतापर्यंत जुळले. जे काम मला घरी बसून जमले, ते मोबदला घेणाऱ्या माणसाने करू नये आणि वर माझ्या कॅसेटला दोष द्यावा, याचा मला आजही संताप येतो.

तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. यात आवाज बराच वेळ जुळलेला असतो, मग एकाएकी उडी मारून मागे पडतो, पुन्हा काही काळ तितकाच मागे राहतो आणि पुढे आणखी एक उडी घेतो. झिजलेल्या फितीवरून येणाऱ्या संकेताची वेळ सारखी डळमळत असते. जुने टीव्ही ही डळमळ सहज सांभाळून घेत, पण कॅप्चर उपकरणाला ती झेपत नाही आणि ते फ्रेम सोडून देते. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला त्या जागी फीत कोरी राहिलेली असेल, तर तिथे तर हमखास फ्रेम गळतात. सुटलेली प्रत्येक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. अशा २५ फ्रेम गळाल्या की चित्र सेकंदभर आखूड होते, आणि आवाज मात्र अखंड नोंदला गेल्यामुळे तितकाच मागे राहतो. कॅप्चर करणारी बहुतेक सॉफ्टवेअर गळालेल्या फ्रेमचा आकडा दाखवतात. तो शून्याच्या वर जाऊ लागला की काम थांबवून कारण शोधावे, असे प्रत्येक नवशिक्याला ठासून सांगायला हवे. व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर लावला तर डळमळणारा संकेत सरळ होऊन पुढे जातो. काही एस-व्हीएचएस (साध्या व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआरमध्ये तो आतच बसवलेला असतो, मात्र कोऱ्या जागांवरही अखंड फ्रेम पुरवायच्या असतील तर पूर्ण फ्रेम साठवणारा स्वतंत्र करेक्टर लागतो. तो लावून कॅसेट पुन्हा कॅप्चर करणे हाच खरा उपाय आहे. कॅसेट हाताशी नसेल तर प्रत्येक उडीच्या जागी आवाज कापून तुकडा-तुकडा जुळवत बसावे लागते, आणि गळालेली चित्रे तर कायमचीच जातात.

म्हणूनच कॅसेट टाकून देण्याच्या सल्ल्यावर माझा तीव्र आक्षेप आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनीही २०१६ मध्ये त्या उत्पादनातून बाहेर पडली. चालू स्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होणार, हे उघड आहे. अशा वेळी जिच्यातला आवाज शेवटपर्यंत तपासलेला नाही अशा डिस्कच्या भरवशावर मूळ कॅसेट टाकणे म्हणजे दुरुस्तीची एकमेव वाट स्वतःच्या हाताने बुजवणे आहे.

सेकंदाच्या अंशाचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, असेही लेखात म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तर तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. आधी येणारा आवाज लवकर खटकतो, कारण निसर्गात तो कधीच आधी येत नाही. ३४ मीटरवरच्या माणसाचे बोलणेही सेकंदाच्या दहाव्या भागाइतके उशिराच पोहोचते. मला मिळालेली दुसरी डिस्क पहिलीपेक्षा असह्य वाटली, त्याचे कारण हेच होते. फक्त डिस्कला दोष देण्यापूर्वी ती दुसऱ्या टीव्हीवरही पाहावी, कारण अनेक सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतात आणि आवाज वेगळ्या स्पीकरवर जोडलेला असेल तर तो पुढे निघून जातो.

जाता जाता लेखासोबतच्या तक्त्याविषयीही लिहिणे भाग आहे. ४.७ गिगाबाइटच्या एका डिस्कवर चार तासांचे चित्रण बसते, असे त्यात छापले आहे. ते बसते, पण त्यासाठी चित्र इतके दाबावे लागते की हलणाऱ्या माणसाच्या कडेने चौकोन दिसू लागतात. आयुष्यात एकदाच करायच्या कामासाठी तासाभराला, फार तर दोन तासांना, एक डिस्क हेच प्रमाण योग्य आहे आणि तक्त्यात तेच द्यायला हवे होते.

आवाज जुळवण्याच्या तिन्ही प्रकारांचा खुलासा पुढील पुरवणीत त्याच जागी आणि तेवढ्याच ठळकपणे छापावा, ही विनंती. मात्र मूळ कॅसेट टाकू नयेत, ही चार ओळींची सूचना तोवर थांबवू नये. कालचा लेख वाचून ज्यांनी कॅसेटींचे खोके दाराबाहेर काढून ठेवले असतील, त्यांच्यासाठी ती उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक