पवनचक्कीवरच्या वॉचमन काकांना

काका, नमस्कार. मी ती जानेवारीतली दुर्बीणवाली. चाळकेवाडीच्या पठारावर गेटला अडवून तुम्ही "पास दावा" म्हणालात आणि माझ्याकडे पास नव्हता, ती. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच ड्युटीचं लफडं नको. तुमची लेक मोबाईलवर सगळं वाचते म्हणालात ना, तिलाच हे वाचून दाखवायला सांगा.

आधी सॉरी. परवानगीचं पत्र खरंच होतं, पण ते घरी फ्रिजवर राहिलेलं. माझ्यासोबत पक्षी मोजायला येणारी मैत्रीण आदल्या रात्री तापाने आडवी झाली म्हणून ऐनवेळी मावसभावाला उठवलं, ठोसेघरात गरम वडापाव खायला घालीन या बोलीवर तो आला, आणि त्याला कावळा, चिमणी, कोंबडी एवढेच पक्षी ओळखता येतात. अंधारातच साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलो, बोरणे घाटात बोटं अशी गारठली की ब्रेक दाबतेय की नुसतीच मूठ धरलीय ते कळेना, वर आलो तर वारा असा की गाडी स्टँडवर उभी राहीना, आणि समोर तुम्ही, मफलर, काठी, "पास दावा".

तुम्ही साहेबांना फोन लावलात. ते उचलेपर्यंत थर्मासमधला चहा दिलात. आणि आठला नाईट संपल्यावर घरी जाऊन झोपायचं सोडून आमच्याबरोबर चालायला लागलात. का, ते मला अजून कळलेलं नाही. भाऊ म्हणतो, आपल्यावर लक्ष ठेवायला. असेलही.

मोजणी तशी सोपी असते हो. ठरवलेल्या जागी पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसला-ऐकू आला तो प्रत्येक पक्षी आकड्यासकट लिहायचा, मग पुढची जागा. आमच्या पहिल्या तीन जागा पंख्यांच्या रांगेतच होत्या. चंडोल मिळाले, तो तुरेवाला मलबारी चंडोल, तिरचिमण्या मिळाल्या, दोन गप्पीदास, एक खाटीक. पण मी आले होते शिकारी पक्ष्यांसाठी. भोवत्या, खरूची, कापशी, यातलं काहीतरी दिसेल म्हणून. पहिल्या जागी काही नाही, दुसऱ्या जागी काही नाही, तिसऱ्या जागी तर मला रडूच यायला लागलं होतं, एवढ्या थंडीत येऊन हे. मी शिकारी पक्ष्यांचे रकाने रिकामे सोडून वही मिटली.

तुम्ही खांद्यावरून बघत होतात. "ताई, ह्ये मोकळं का सोडलं?"

म्हटलं, काही दिसलंच नाही.

"मग निरंक लिव्हा की. आमच्या रजिस्टरला रातभर गाडी न्हाय आली तरी तासातासाला निरंक लिव्हून सही करावी लागती. मोकळं सोडलं की सायेब म्हनतो झोपलावता."

काका, मला पक्षी मोजणाऱ्यांच्या ग्रुपवर ट्रेनिंग झालं होतं, पीडीएफ आली होती, त्यात हे लिहिलेलंही असणार. पण डोक्यात शिरलं ते तुमच्या "झोपलावता"ने. मी परत वही उघडली, तिन्ही जागी निरंक लिहिलं आणि शेजारी वेळ टाकली. भावाने साक्षीदार म्हणून सही ठोकली, ती फॉर्ममध्ये लागत नाही, पण असू दे.

मग परत येताना तुम्ही सरड्यांचं बोललात. "उन्हाळ्यात या, पंख्याखाली सरडं लय. दुसरीकडं मानूस बघून पळत्यात, हितं बूट लागंपतूर हालत न्हाईत." मी हो हो केलं आणि विसरून गेले.

संध्याकाळचं तर तुम्हीच घडवलंत. आमच्या यादीत ती जागा नव्हतीच. पंख्यांपासून लांब, सड्याच्या टोकाला, कमरेएवढं वाळलेलं गवत, तिथं तुम्ही चारला परत आलात, अंघोळ करून, टोपी घालून, आणि आम्हाला खडकाआड बसवलंत. पाच वाजून गेले तरी काही नाही. आणि मग एकदम एक, पंख वर उचलून धरलेले, गवताला टेकेल की काय इतका खाली, न फडफडता सरकत आला. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. भोवत्या! कझाकस्तानाकडचे हे पक्षी इकडे हिवाळा काढायला येतात आणि रात्री झाडावर नाही तर असेच गवतात जमिनीवर झोपतात, हे मी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. मी वेड्यासारखी मोजत सुटले, वीस मिनिटात आकडा एकोणीसवर.

तुम्ही म्हणालात, "एकच गाडी चारदा लिव्हताय. त्यो डाव्या पंखाला खाप पडलेला बगा, तिसऱ्यांदी आला." आणि मग, "रस्त्यानं जानारी नगं मोजू, गेटात शिरल्याली मोज." म्हणजे गवतात उतरून बसलेले तेवढेच. सगळं खोडलं, पहिल्यापासून सुरू केलं. अंधार पडेस्तोवर सात. त्यातले दोन तरी माँटेग्यू जातीच्या भोवत्याचे नर नक्की, बाकी माद्या नाहीतर पिल्लं, त्यांची जात लांबून सांगता येत नाही, तशीच नोंद केली. एकोणीसचे सात झाल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सात पक्के होते.

घरी आल्यावर झोप लागेना म्हणून फोनवर शोधत बसले तर काय सापडावं! 2018 मध्ये छापून आलेला अभ्यास, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांचा, आणि जागा कुठली, तर आपलं चाळकेवाडीचं पठार. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी. आणि खाणारेच कमी म्हटल्यावर सरडे जास्त, अंगाने बारीक, आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. बूट लागंपतूर हालत न्हाईत! मी रात्री एक वाजता भावाला उठवून वाचून दाखवलं, त्याने उशी फेकून मारली. त्या सरड्याच्या शास्त्रीय नावातही आपला मराठी 'सरडा'च आहे बरं का, 2016 मध्ये तसं नाव ठेवलंय.

हे सगळं त्यांना कळलं कशावरून, तर पंख्यांखाली उभं राहूनही कुणीतरी मोजलं आणि जे कमी दिसलं ते कमीच लिहिलं म्हणून. माझे तीन निरंक आमच्या ग्रुपच्या यादीत गेलेत. कोऑर्डिनेटरनी फोन करून विचारलं, अगं खरंच काहीच नव्हतं का, की तू थांबलीच नाहीस? मी म्हटलं, तिन्ही ठिकाणी वेळ टाकलीय आणि साक्षीदाराची सही पण आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला तोंडावर म्हणता आली नाही. निघताना तुम्ही बोललात की ते टोकाचं गवत पोरं फेब्रुवारीत पेटवतात आणि तुम्ही त्यांना दरवर्षी पक्षी जाईपर्यंत थांबा म्हणून सांगता, कधी ऐकतात, कधी नाही. तेव्हा मी गाडीला किक मारत होते, नुसती मान हलवली. त्याचेही थँक्यू, काका. सगळ्यात जास्त त्याचेच.

आणि तुमचा थर्मास माझ्याकडेच राहिलाय, झाकणासकट. पुढच्या रविवारी घेऊन येते. पास आत्ताच बॅगेत टाकलाय.