शाळा तपासायची तर वह्या मागवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांचे मूल्यांकन पार पडल्याची आणि पहिल्या आलेल्या शाळेच्या सत्काराची बातमी आपल्या दैनिकात वाचली. सोबतच्या छायाचित्रात रंगवलेली भिंत, परसबागेतले मेथीचे वाफे, फेटे बांधलेले पाहुणे आणि उन्हात रांगेने उभी केलेली मुले दिसत होती. त्या शाळेतील शिक्षकांचे मी मनापासून अभिनंदन करतो. गावातून लोकवर्गणी गोळा करणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने ती मागितली आहे त्यालाच ठाऊक. मात्र सहावी ते आठवीची शाळा चांगली की वाईट हे ठरवण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी मला काही लिहायचे आहे.

मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे गणित शिकवले. आठवीपर्यंतच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांमधून मुले आमच्याकडे नववीत येत. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एकच उदाहरण लिहीत असे : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवून ‘दोन पंचमांश’ असे उत्तर देणारी मुले दरवर्षी निघत. चार-पाच वर्षांनी माझ्या लक्षात येऊ लागले की ही मुले साधारण ठरावीक गावांतूनच येतात. उलट, एका वस्तीवरच्या शाळेची मुले हमखास बरोबर उत्तर देत. त्या शाळेचे पत्रे पावसाळ्यात गळत आणि तिचे नाव तालुक्यात कोणी काढत नसे. तिथल्या एका मुलीला मी कारण विचारले, तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावर भाकरी काढली, तिचे सहा तुकडे केले, आधी तीन रंगवले, मग दोन, आणि म्हणाली, “सर, एवढा एकच तुकडा राहिला.” त्या शाळेला कधी पारितोषिक मिळाल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, उच्च प्राथमिक शाळेची गुणवत्ता पाहायची असेल तर तिची मुले पुढे ज्या शाळेत जातात, तिथल्या नववीच्या शिक्षकांना विचारावे. त्याचबरोबर सहावीत दाखल झालेल्यांपैकी किती जण नववीत पोचले याची नावनिशीवार यादी मागावी, विशेषतः मुलींची. आठवीनंतरचे हायस्कूल दुसऱ्या गावात असले आणि मुलींना शाळेत नेणारी, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली निळी बस त्या वाटेने जात नसली, की मुलीचा दाखला नेलाच जात नाही. मूल्यांकनाच्या कागदात याला कुठे जागा नसते, कारण मूल पटावरून उतरले की ते त्या शाळेचे राहत नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांपूर्वी एका मूल्यांकन पथकाबरोबर ग्रामस्थ म्हणून जाण्याचा मला योग आला. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण तिथे पाहिले ते बऱ्याच ठिकाणी दिसते. पथक तीन तास होते. त्यातला मोठा भाग कार्यालयातली कागदपत्रे तपासण्यात आणि छायाचित्रे काढून अपलोड करण्यात गेला, आणि रेंज येईना म्हणून दोघे गच्चीवर जाऊन उभे राहिले. मी सहावीच्या गणिताच्या वह्या मागितल्या. पहिल्याच वहीत ‘०.३ × ०.२ = ०.६’ असे (०.०६ ऐवजी) लिहिलेले होते आणि त्यावर लाल शाईने बरोबरची खूण होती. पुढच्या चार वह्यांतही तेच उत्तर आणि तीच खूण होती. तपासल्याच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, पण सह्या एका बैठकीत केलेल्या आहेत हे पेनाच्या शाईवरून कोणालाही कळले असते. मग विज्ञानाचे कपाट उघडायला लावले. लिटमस कागदाची पाकिटे बंद होती, ताणकाट्यावरचे प्लॅस्टिक तसेच होते, आणि प्रयोगांची नोंदवही मात्र वर्षभराची भरलेली होती. शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली.

मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. गणिताच्या तासाला वर्गावर होते ते मराठीचे पदवीधर शिक्षक होते, कारण गणित-विज्ञानाची जागा रिकामी होती. त्यांच्या गळ्यात शिवाय मतदार यादीचे काम होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे स्पष्ट म्हटले आहे. वर्षाचे २२० दिवस आणि १,००० अध्यापन तास हेही त्यातच आहे. या चार गोष्टी शाळेच्या हातात नाहीत, त्या पुरवणे सरकारचे काम आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयाने तर सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुले असलेल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शिक्षकाचे पदच धोक्यात आले आणि त्यावर राज्यभर ओरड झाली. ज्या शाळेला विषयशिक्षक दिलेलाच नाही, तिला विषयाच्या गुणवत्तेवर श्रेणी देणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटेची परीक्षा घेणे होय. श्रेणीच्या तक्त्यात पहिला रकाना शिक्षकांच्या मंजूर आणि भरलेल्या जागांचा असावा आणि तो पंचायत समितीच्या नावावर मांडावा.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहितीसंचाची) आणि संचमान्यतेची पटसंख्या ३० सप्टेंबरची धरली जाते. त्या दिवशी आमच्या शाळा भरलेल्या असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात, आणि बरोबर जातात ती मुख्यतः याच वयाची मुले. पहिलीचे मूल आजीजवळ ठेवता येते. बारा वर्षांची मुलगी मात्र कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला लागते. हंगामी वसतिगृह चालवून, दारोदार हिंडून, “मावशी, पोरीला तेवढी ठेवा” म्हणून विनवणी करून वीसपैकी बारा मुले गावात रोखून धरणारे शिक्षक मी पाहिले आहेत. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक हातात देऊन मोकळे होणारेही पाहिले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना पाच महिन्यांचा अभ्यास दीड महिन्यात पुन्हा करून देण्याचे काम ज्या शाळेत होते, ती माझ्या लेखी जिल्ह्यातली सर्वांत चांगली शाळा आहे, मग तिची सरासरी काहीही येवो. जानेवारीत आलेल्या पथकाला तिथे फक्त अर्धे रिकामे बाक दिसतात.

शिष्यवृत्तीच्या निकालावरून शाळा जोखण्याची सवय पालकांनाही लागली आहे. आठवीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवडल्या गेलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गरीब घराला ही रक्कम मोठी आहे आणि तिची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांचे मोल मी जाणतो. परंतु चौकातल्या फ्लेक्सवर चार मुलांचे फोटो असतात आणि वर्गात चाळीस असतात. उरलेल्या छत्तीस जणांना त्या सराव-तासांच्या वेळी मैदानावर पाठवले होते का, हे फ्लेक्स सांगत नाही. वर्गातल्या शेवटच्या दहा मुलांनी जून ते एप्रिल या काळात किती मजल मारली, हे पाहायला वेळ लागतो, पण ते पाहता येते. शाब्दिक उदाहरण मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि मग पुस्तक मिटून विचारावे, “यात काय काढायचे आहे?” पुष्कळ मुले घडाघडा वाचतात आणि या प्रश्नाला गप्प होतात.

डिसेंबर २०२४ मध्ये देशभर झालेल्या, मुलांची शैक्षणिक पातळी मोजणाऱ्या परख सर्वेक्षणासारख्या मोठ्या चाचण्या उपयोगाच्या असतात. पण त्या निवडक शाळांवर घेतल्या जातात आणि जिल्ह्याचे चित्र देतात. एखाद्या गावच्या शाळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सभेचे रजिस्टर बहुतेक ठिकाणी सह्यांसाठी घरोघर फिरते, हे गावात सर्वांना माहीत आहे. पथकाने रजिस्टर पाहण्याऐवजी समितीतल्या दोन आयांना बाजूला घेऊन, मुले गेल्या आठवड्यात काय शिकली, असे विचारले तरी पुरे.

शिक्षणाधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, पुढच्या वर्षी पथक जानेवारीऐवजी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाठवावे. तोवर तोडीला गेलेली मुले परतलेली असतात. पथकात त्या परिसरातील हायस्कूलचा एक गणिताचा आणि एक भाषेचा शिक्षक घ्यावा, आणि प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावरील कोणत्याही दहा मुलांच्या वह्या मागवाव्यात. फक्त परीक्षा आटोपण्याआधी जावे लागेल, कारण शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी वह्या रद्दीवाल्याकडे गेलेल्या असतात.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
जि. बीड