अक्का, त्या दोन शब्दांसाठी

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या अक्कांना,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते.

खडेबाजारातल्या दुकानातून मी सुटले की एक माणूस स्टॉपवर उभा असायचा. माझ्याच बसमध्ये चढायचा, माझ्याच स्टॉपला उतरायचा. नंबर ब्लॉक केला की नव्या नंबरवरून मेसेज. "माझ्या मागे येऊ नकोस," असं मी त्याला दोनदा बजावलं होतं. घरात सांगितलं असतं तर माझी नोकरीच बंद झाली असती. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मेसेज डिलीट करू नको," आणि तारीख-वेळ लिहायला एक वही दिलीत.

पोलीस स्टेशनात "लेडीज स्टाफ नाही, उद्या या" म्हणाले. तुम्ही बाकावरून उठला नाहीत. असली तक्रार महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची हे कायद्यात आहे, पण ते बाईला धीर यावा म्हणून, परत पाठवायला नव्हे. दीड तासानं महिला पोलीस आल्या. तक्रार कन्नडमध्ये लिहून झाली. मी पेन उचललं तसा तुम्ही माझा हात धरलात. "थांब. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही."

ओळीखाली बोट फिरवत एकेक वाक्य तुम्ही मला मराठीत सांगितलंत. कागदावर 'चुडायिसिद' एवढंच होतं, म्हणजे छेड काढली. वहीतले एकोणीस दिवस नव्हते, माझा नकारही नव्हता. तुम्ही 'पदे पदे', म्हणजे वारंवार, हे दोन शब्द घालायला लावलेत आणि पुढे 'नको म्हणून सांगितलं तरी'. भारतीय न्याय संहितेचं पाठलागाचं कलम 78 त्यावरच उभं आहे: वारंवार, आणि नकार कळूनही. 2013 च्या आधी तर पाठलागाला वेगळं कलमच नव्हतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तीही तुम्हीच मागून घेतलीत.

तो दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला तेव्हा मी रडले. शिक्षा 3 वर्षांपर्यंत असली तरी पहिल्या खेपेला हा गुन्हा जामीनपात्र आहे, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. तरी मला खूप लागलं. त्यानंतर पंधरा दिवस, गुडघे दुखत असताना, रोज संध्याकाळी तुम्ही स्टॉपवर येऊन उभ्या राहिलात.

कोर्टाचं समन्स आलंय, कन्नडमध्येच. संध्याकाळी घेऊन येते. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
शेजारची पोरगी